न दिसल्यास पुन्हा या

हुसाविकच्या धक्क्यावर माझी आत्या आणि मी सकाळी नऊ वाजता वाद घालायला सुरुवात केली आणि मध्यरात्री थांबलो. मध्यरात्र फक्त घड्याळात होती. सूर्य तेव्हाही समुद्राच्या हातभर वर लटकत होता.

हुसाविक हे आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. बंदराच्या डोक्यावर १९०७ साली बांधलेलं लाकडी चर्च, समोर स्क्याल्फांडी नावाचा उपसागर आणि पलीकडे जूनमध्येही बर्फाचे पट्टे न सोडणारे डोंगर. उत्तर ध्रुववृत्त इथून जेमतेम अर्ध्या अंशावर. गावाचा मूळ धंदा मासेमारीचा. १९९५ साली इथल्या लोकांनी ओकच्या लाकडाची एक जुनी मच्छीमार बोट डागडुजी करून पर्यटकांना देवमासे दाखवायला बाहेर काढली. आता उन्हाळाभर बंदरातून दिवसाला कितीतरी फेऱ्या सुटतात.

आत्याने रत्नागिरीच्या एका शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मी नोकरीनिमित्त कोपनहेगनला असतो. ती दोन महिने माझ्याकडे राहायला आली होती. मी मोठ्या हौसेने ही सहल ठरवली आणि तिला आधी विचारलं नाही. चूक तिथेच झाली. त्या दिवशीचं आमचं बोलणं आठवतं तसं लिहितो आहे.

सकाळ, धक्क्यावर

मी: आत्या, हा पोशाख चढव. वर वारा बोचरा आहे आणि पाणी फ्रिजमधल्यासारखं.

आत्या: मी काय पाण्यात उतरणार आहे? बरं, दे. कशी दिसते?

मी: अंतराळवीर. आणि गावही त्याला साजेसं आहे. इथल्याच लाव्हाच्या माळांवर अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६५ आणि १९६७ साली चंद्राचा सराव केला होता.

आत्या: त्यांनी दुसऱ्याच्या घरी जायच्या आधी सराव तरी केला. आपण काय करून चाललोय?

मी: घरात कुठे शिरतोय? लांबून बघायचं आणि परत यायचं.

आत्या: हे इथे येतात तरी कशाला, ते सांग आधी.

मी: जेवायला. उन्हाळ्यात इथे जवळजवळ चोवीस तास उजेड. खाडीत दोन नद्या येऊन मिळतात. प्लवक माजतं, त्यावर क्रिल आणि कॅपेलिन नावाची बारकी मासळी जगते. हंपबॅक व्हेल दिवसाला टनाच्या हिशोबात खातो. हिवाळ्यात बरेचसे खाली कॅरिबियनकडे, काही आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांकडे जातात. तिथे पिलं जन्मतात, आणि तिथे ते जवळजवळ उपाशीच असतात. इथे जमवलेल्या चरबीवर महिनोन्‌महिने काढतात.

आत्या: म्हणजे हे त्यांचं जेवणघर. वर्षाचं एकच पोटभर जेवण, आणि पंगत बसलेली असताना आपण पानाशी जाऊन उभे राहणार. ‘किती छान जेवताय’ म्हणून फोटो काढणार. अरे, आपल्याकडे भिकाऱ्यालासुद्धा जेवताना कोणी टक लावून बघत नाही.

मी: तू बघायच्या आधीच निकाल दिलास.

आत्या: निकाल नाही रे. प्रश्न विचारला. तू पैसे भरलेस म्हणून तुला तो निकाल वाटतो.

सकाळ, धुक्यात

बोट सुटली आणि अर्ध्या तासात धुकं उतरलं. वाटाड्या मुलीने आधीच समजावलं होतं : बोटीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा, उजवीकडे तीन, मागे सहा. व्हेल ‘दोन वाजता’ म्हटलं की उजव्या हाताला पुढे बघायचं. त्या फेरीत कुठल्याच वाजता काही आलं नाही. पाण्यातून दोनदा काळ्या, लहान पाठी वर येऊन गेल्या. ते पोरपॉइज होते, डॉल्फिनचे बुटके भाऊबंद. चोच रंगवल्यासारखे दिसणारे पफिन बोटीपुढून फडफडत गेले. एका जर्मन आजोबांना बोट लागली. तीन तासांनी गरम चॉकलेट आणि दालचिनीचा पाव हातात घेऊन आम्ही परत फिरलो. जूनमध्ये असं क्वचित होतं म्हणतात. आमच्या वाट्याला ते क्वचित आलं.

आत्या: हे मला आवडलं.

मी: काय आवडलं? काहीच दिसलं नाही!

आत्या: तेच. त्यांना यायचं नव्हतं, ते आले नाहीत. राणीच्या बागेत असं होत नाही. तिथे पिंजऱ्यातल्याला ‘आज मी नाही’ म्हणायची सोय नसते.

मी: म्हणूनच तर मी म्हणतो, हे प्राणिसंग्रहालयापेक्षा लाख पटीने बरं. केइको माहीत आहे तुला? ‘फ्री विली’ सिनेमातला ऑर्का. १९७९ साली याच देशाच्या समुद्रात पकडला, लहान असताना. वर्षानुवर्षं टाक्यांमध्ये कसरती केल्या. सिनेमा गाजल्यावर लोकांनी पैसे जमवून १९९८ साली त्याला आइसलँडला परत आणलं, २००२ मध्ये तो खुल्या समुद्रात गेला. आणि पोहत पोहत नॉर्वेला पोचून पुन्हा माणसांपाशीच घोटाळायला लागला. २००३ च्या डिसेंबरात गेला.

आत्या: बिचारा. माणसाची सवय लागली की सुटत नाही, माणसालाही आणि जनावरालाही.

धक्क्यावर उतरलो तेव्हा तिकीट खिडकीवरच्या मुलीने दुसरी दोन तिकिटं हातात ठेवली. पैसे परत नाहीत. आज संध्याकाळी, उद्या, पुढच्या वर्षी, केव्हाही पुन्हा या, फुकट. आत्याने ते तिकीट चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. तेव्हा ती काही बोलली नाही.

दुपार, हाडांच्या घरात

हुसाविकचं देवमासा संग्रहालय एका जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत आहे. आत छताला टांगलेले आणि जमिनीवर मांडलेले सांगाडे. सगळ्यांत मोठा निळ्या देवमाशाचा, पंचवीस मीटर लांब. २०१० साली तो उत्तर किनाऱ्यावर मरून लागला होता.

मी: इथल्या भाषेत एक शब्द आहे, ‘क्वालरेकी’. अर्थ किनाऱ्याला लागलेला देवमासा. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ घबाड. अचानक हाती आलेलं धन.

आत्या: खरंच की. एका देवमाशात गावाचा हिवाळा निघत असणार. मांस, तेल, हाडं. शब्दात भूक दिसते. त्याला मी नावं ठेवणार नाही.

मी: आपल्याकडे असा शब्द नाही.

आत्या: आपल्याकडे शब्द नाही, पण २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू लागलं होतं ते आठवतं? मी गेले होते बघायला. वनखात्याची माणसं, मच्छीमार, गावकरी, सगळे पाण्यात. अंगावर ओली कापडं टाकत होते, भरतीची वाट बघत होते. दोन दिवस धडपडून त्याला खोल पाण्यात नेलं. जगलं नाही ते. पण त्या गर्दीत ‘घबाड’ म्हणणारा एकही दिसला नाही मला.

मी: आत्या, त्या गर्दीत तू होतीस ना? बघायलाच गेली होतीस.

आत्या: (थोडं थांबून) हो. बघायलाच गेले होते. आणि सेल्फी काढणाऱ्यांना ओरडलेही होते. तुझा मुद्दा मान्य. चल पुढे.

पुढच्या दालनात शिकारीचा इतिहास आहे. आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाची व्यापारी शिकारबंदी १९८६ पासून लागू झाली. आइसलँड १९९२ मध्ये त्या आयोगातून बाहेर पडलं, २००२ मध्ये हरकत नोंदवून परत आत आलं, आणि २००६ पासून व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. एकाच देशात एका बंदरातून व्हेल दाखवायला बोटी निघत होत्या आणि दुसऱ्या बंदरातून व्हेल मारायला.

मी: हाच माझा खरा मुद्दा. हारपून आणि दुर्बीण यांच्या भांडणात दुर्बीण जिंकायची असेल तर दुर्बिणीचा धंदा चालला पाहिजे. इथल्या कोळ्याच्या मुलाला व्हेल जिवंत असण्यातून पगार मिळतो. तो उद्या शिकारीच्या बाजूने उभा राहील का?

आत्या: दुर्बिणीवाले संध्याकाळी काय खायचे ते वाचलंस का? सकाळी मिंक व्हेल बघायचे आणि रात्री राजधानीत त्याचंच मांस चाखायचे, ‘इथला खास पदार्थ’ म्हणून. त्या मांसाचं मोठं गिऱ्हाईक पर्यटकच होते.

मी: आणि ते थांबवायच्या मोहिमेत कोण होतं? दाखवणारे बोटवालेही. ‘आम्हाला भेटा, खाऊ नका’ म्हणून. मिंकची शिकार त्यानंतर जवळपास आटलीच.

आत्या: आणि फिन व्हेल? ती कशाने थांबली?

इथे मला आकडे मान्य करावे लागले. २०२२ मध्ये आइसलँडने १४८ फिन व्हेल मारले. पुढच्या वर्षी सरकारी पशुवैद्यक खात्याचा अहवाल आला : काही जनावरांना मरायला दोन दोन तास लागले होते. मंत्र्यांनी जून २०२३ मध्ये शिकार ऑगस्टअखेरपर्यंत रोखली. त्या वर्षी २४ मारले गेले. २०२४ मध्ये परवाना उशिरा निघाला आणि शिकार झालीच नाही. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात, जाता जाता, मावळत्या सरकारने पाच वर्षांचा नवा परवाना देऊन टाकला.

आत्या: म्हणजे दुर्बीण जिंकलेली नाही. माल घेणारं मुख्य गिऱ्हाईक जपान. तिथे भाव पडला की बोटी बांधलेल्या, चढला की सुटणार. करुणेचा यात संबंध किती?

मी: करुणा नसली तरी चालेल मला. पोटापाण्याचं कारण करुणेपेक्षा टिकाऊ असतं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता : एक मोठा व्हेल त्याच्या आयुष्यभरात वीस लाख डॉलरहून जास्त किमतीचा. शरीरात साठलेला कार्बन, त्याच्या विष्ठेवर वाढणारं प्लवक, पर्यटन, सगळं धरून.

आत्या: वीस लाख! म्हणजे कोणी एकवीस लाख दिले की मारायला हरकत नाही?

मी: असं नाही म्हणत ते.

आत्या: ते म्हणत नाहीत, पण किंमत लावलेल्या वस्तूला गिऱ्हाईक येतंच. मी गावची घरं विकली जाताना पाहिली आहेत. आधी कोणीतरी कौतुकाने भाव सांगतो, ‘तुमच्या वाडीला एवढे मिळतील हो.’ विकायचं कोणाच्या मनात नसतं. पण आकडा कानावर पडला की माणूस त्या घराकडे पहिल्यासारखा बघत नाही.

दुपार, चर्चच्या पायऱ्यांवर

धुकं फाटलं. आम्ही डबा उघडला : मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं. खाली बंदरात फुगीर रबरी काठांच्या स्पीडबोटी भरत होत्या.

मी: पंगतीचं तू म्हणालीस ते मी शोधलं. दक्षिणेला, राजधानीजवळच्या खाडीत मिंक व्हेलवर संशोधन झालं आहे. बोट जवळ आली की त्यांचं खाणं विस्कटतं, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तू बरोबर होतीस.

आत्या: मग?

मी: मग त्याच संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला : याने त्यांच्या जगण्यावर, वीण होण्यावर काही परिणाम होतो का? हंगामात एका व्हेलच्या वाट्याला बोटीचा सहवास एकूण किती तास येतो ते मोजलं. तो इतका कमी निघाला की दूरगामी नुकसान दिसलं नाही. पंगतीत एकदा कोणी डोकावलं म्हणून माणूस उपाशी राहत नाही.

आत्या: शाळेत मी पोरांना सांगायचे, निष्कर्ष वाचताना अटी वाचा. सहवास कमी म्हणून नुकसान नाही. सहवास वाढला तर? बोटी दुप्पट झाल्या तर?

मी: म्हणून तर इथे आचारसंहिता आहे. जवळ जाताना वेग कमी, समोरून आडवं जायचं नाही, एकाच्याच मागे फार वेळ थांबायचं नाही.

आत्या: कायदा?

मी: नाही. बोटवाल्यांनी आपणहून मान्य केलेली.

आत्या: आपणहून मान्य केलेली गोष्ट गर्दीच्या दिवशी कशी टिकते, ते संध्याकाळी बघू.

मी: म्हणजे संध्याकाळी येणार तू?

आत्या: तिकीट फुकट आहे. आणि मी कोकणातली आहे.

संध्याकाळ, आवाज न करणाऱ्या बोटीवर

या बंदरात २०१५ पासून बॅटरीवर चालणारी शिडांची बोट आहे. आइसलँडची वीज जवळपास सगळी पाण्यातून आणि भूगर्भातल्या उष्णतेतून येते, त्यामुळे धूर इथेही नाही आणि वीजघरातही नाही. आम्हाला संध्याकाळी असल्याच बिनआवाजाच्या बोटीवर जागा मिळाली. धक्का सुटल्यावर इंजिनाची धडधड आली नाही, नुसतं पाणी कापल्याचा आवाज. लोक आपोआप हळू बोलायला लागले.

मी: पाण्यात आवाज हवेच्या साडेचार पट वेगाने जातो. व्हेलचं जग कानाचं आहे. म्हणून ही बोट.

आत्या: आणि इथे यायला आपण विमानं किती बदलली? कोपनहेगनहून राजधानी, तिथून अकुरेरी, मग मोटार. बोटीचा धूर वाचवला, तो आकाशात सोडून आलो.

मी: याला माझ्याकडे उत्तर नाही.

आत्या: माझ्याकडेही नाही. मीसुद्धा मुंबईहून विमानानेच आले तुला भेटायला. पण उत्तर नाही म्हणून प्रश्न पुसायचा नाही. गातात म्हणे हे?

मी: नर गातात, बहुतेक हिवाळ्यात. पूर्वी वाटायचं फक्त दक्षिणेत, विणीच्या जागीच. मग याच खाडीत पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून ठेवले तेव्हा भर हिवाळ्यात इथेही गाणी मिळाली. १९७० साली त्यांच्या गाण्यांची तबकडी निघाली आणि तिने शिकारीविरुद्ध जग जेवढं जागं केलं तेवढं भाषणांनी केलं नसेल.

आत्या: व्हॉयेजरवरसुद्धा पाठवलंय ना ते गाणं?

मी: हो, १९७७ ची सोनेरी तबकडी. माणसांच्या अभिवादनांबरोबर हंपबॅकचाही आवाज.

आत्या: आणि त्याच तबकडीवर आमच्या केरीच्या गायिका केसरबाई. भैरवी. यान सुटलं त्याच सप्टेंबरात त्या गेल्या. (जरा थांबून) बघ, ती तबकडी ऐकायला कोणाला त्यांच्या जवळ जावं लागलं नाही. गाणं लांबून ऐकलं आणि माणसं बदलली. हे बोटीतून पाठलाग करणं कशाला मग?

मी: पाण्याखाली माइक सोडायला कोणीतरी बोट घेऊन गेलंच होतं, आत्या.

तेवढ्यात वाटाड्याने हाक दिली : ‘अकरा वाजता!’ डावीकडे, दोनशे-तीनशे मीटरवर, पाण्यातून धुराचा खांब उभा राहिल्यासारखा फवारा. आवाज मागाहून आला, प्रेशर कुकरची शिट्टी सुटावी तसा, पण खोल. मग काळी पाठ, तिच्यावरचा ठेंगणा परासारखा उंचवटा, ती पाठ कमान होत गेली, आणि शेवटी शेपटी उभी राहिली. खालच्या बाजूला काळ्यावर पांढरे डाग, पाणी निथळत. आणि पाणी मिटलं.

आमची बोट थांबून राहिली. सहा-सात मिनिटं. दुसऱ्यांदा तो बराच जवळ वर आला, आपला आपण. फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने आमच्यावर आले.

आत्या: (नाक पुसत) सुके बोंबील.

मी: एवढंच?

आत्या: अरे, हा वास म्हणजे तो पोटभर जेवला. बरं वाटलं.

तोपर्यंत दोन स्पीडबोटी भरधाव आल्या, मागून आणखी एक ओकची बोट. चार बोटी आणि मध्ये पाण्याचं एक रिकामं वर्तुळ, जिथे तो पुन्हा येईल असा सगळ्यांचा अंदाज. मी मोबाइल उगारला. आत्याने उगारला नाही. ती व्हेलच्या जागेकडे बघतच नव्हती, बोटींकडे बघत होती.

आत्या: आता मोज. एक जनावर, चार बोटी, दीडशे डोळे.

मी: स्पीडबोटींनी शेवटी वेग कमी केला, बघितलंस ना?

आत्या: बघितलं. शेवटी केला. आधी आल्या कशा तेही बघितलं.

तो वर आला, पण वर्तुळात नाही. पार पलीकडे, सगळ्या बोटींच्या पाठीमागे. आमच्या कप्तानाने मागे बोट घातली नाही. वेळ झाली म्हणून त्याने नाक बंदराकडे वळवलं. स्पीडबोटी गेल्या त्याच्यामागे.

मध्यरात्र, उजेडात

मी: मी काढलेला शेपटीचा फोटो बघ. हंपबॅकच्या शेपटीची खालची नक्षी म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसा, एकासारखी दुसऱ्याची नाही. असे फोटो पर्यटक संशोधकांना पाठवतात. इथे टिपलेले व्हेल कॅरिबियनमध्ये ओळखले गेलेत. मोबाइल नुसता हावरटपणा नाही.

आत्या: हे मात्र चांगलं. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला ओळखावं तसं. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक येतात का इथे?

मी: नाही. ते वारीला जातच नाहीत. बारा महिने अरबी समुद्रातच. ओमानच्या किनाऱ्याजवळ शंभरहून कमी उरलेत म्हणतात. त्यांतली एक मादी होती, लुबान. लोबानचं झाड असतं तशी नक्षी शेपटीवर, म्हणून ते नाव. २०१७ च्या अखेरीस तिला उपग्रहाचा टॅग लावला, तर ती समुद्र ओलांडून गोव्यासमोरून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परत ओमानला आली.

आत्या: आपल्या दारावरून गेली आणि आपल्याला कळलं नाही. बरं झालं.

मी: बरं कसं? कळलं असतं तर...

आत्या: तर तारकर्लीहून बोटी सुटल्या असत्या. मी सकाळपासून एका गोष्टीचा विचार करतेय. पर्समधल्या त्या तिकिटाचा.

मी: फुकट फेरीचा?

आत्या: गोव्यात डॉल्फिनच्या बोटींवर पाटी असते बघ : ‘डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत.’ आपल्याला वाटतं, किती सचोटीचा धंदा! पण त्या तांडेलाच्या जागी उभा राहा. डिझेल जळलेलं, हप्ता डोक्यावर, बोटीत बारा माणसं. डॉल्फिन दिसला नाही तर दिवस बुडाला. तो काय करेल? पाठलाग करेल. दिसला की आडवी घालेल, दुसऱ्याला हाकारून बोलावेल, पिल्लू असलं तरी. डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या शेजारी. पण कायदा किनाऱ्यावर राहतो आणि पाटी बोटीवर. दोष त्याचा नाही. पाटीचा आहे, आणि पाटी वाचून खूश होणाऱ्या आपला.

मी: आणि इथलं तिकीट?

आत्या: इथलं तिकीट म्हणतं, न दिसल्यास पुन्हा या. पैसे आधीच देऊन झालेत. कप्तानाला नुकसान आहे, पण बुडालेला दिवस नाही. म्हणून आपला कप्तान वळू शकला. तो जास्त पुण्यवान आहे असं नाही. त्याला वळणं परवडत होतं.

मी: म्हणजे तू शेवटी माझ्याच बाजूला आलीस. चांगल्या नियमांनी बघणं चालेल.

आत्या: अजिबात नाही. मी पुन्हा येणार नाही. तू ये. मला कळसदर्शन पुरतं. पंढरपुरात तीन तऱ्हेची माणसं असतात. पायावर डोकं ठेवल्याशिवाय न हलणारी, लांबून मुखदर्शन घेणारी, आणि गर्दी बघून नामदेवाच्या पायरीशी वाकून, कळसाला हात जोडून माघारी फिरणारी. तिघांचीही वारी पोचते. पण सगळ्यांनीच पायाचा हट्ट धरला तर काय होतं, ते विठोबाच्या पायांना विचार. झिजले म्हणून लेप लावावे लागले.

मी: देव उठून जात नाही म्हणून तो झिजला. व्हेल तरी पलीकडे जाऊन वर येतो.

आत्या: जागा असेल तोवर.

आम्ही तिथे थांबलो. ती आपल्या मतावर आहे आणि मी माझ्या. मला अजूनही वाटतं की ज्याने तो श्वास कानाने ऐकला, तो माणूस हारपूनच्या बाजूने मत देणार नाही. आत्याला वाटतं की तो श्वास ऐकण्यासाठी झालेल्या गर्दीचा जमाखर्च कोणीच नीट मांडत नाही. पण पाटीच्या बाबतीत ती जिंकली, आणि ते मी इथे लिहून देतो.

तेव्हा वाचकहो, या हिवाळ्यात तारकर्ली, गुहागर, मुरुड किंवा गोव्याला डॉल्फिन बघायला जाणार असाल, तर एवढं करा. बोटीत बसायच्या आधी तांडेलाच्या हातावर पूर्ण पैसे ठेवा आणि त्याला ऐकू जाईल असं सांगा : दिसला तर ठीक, नाही दिसला तरी हे पैसे तुमचेच, मागे लागू नका.